पार्किन्सन्समधील बोलण्याविषयी थोडे अधिक

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराच्या औषधोपचारांवरील तुमचा लेख वाचला. हातांचा कंप आणि चालण्यातील अडचणी यांविषयीची माहिती उत्तम आहे. मात्र बोलण्यातील बदलाला त्यात एकच वाक्य मिळाले आहे, म्हणून लिहीत आहे.

माझ्या वडिलांचा आवाज खोल गेला आणि शब्द एकमेकांत मिसळू लागले, तेव्हा आम्ही तो वयाचा परिणाम समजलो. प्रत्यक्षात तो डिसार्थ्रिया होता, वाचाघात नव्हे. वाचाघातात शब्द सुचणे किंवा समजणेच बिघडते. डिसार्थ्रियात भाषा शाबूत असते, पण श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांच्या स्नायूंवरील मज्जासंस्थेचे नियंत्रण बिघडते. त्यातही पार्किन्सन्समध्ये आपला आवाज लहान झाला आहे हे रुग्णाला अनेकदा जाणवतच नाही. दोष आमच्या ऐकण्यात आहे, असे वडिलांना मनापासून वाटत असे.

लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाने हालचाली सुधारल्या तरी बोलण्यावर त्याचा परिणाम बहुधा मर्यादित असतो. म्हणूनच ‘ली सिल्व्हरमन वाचोपचार’ या बोलणे सुधारण्याच्या उपचारपद्धतीचा उल्लेख हवा होता. त्यात आठवड्यातून ४ दिवस, असे ४ आठवडे, तासाभराची १६ सत्रे होतात आणि सारा भर मोठ्या आवाजात बोलण्यावर असतो. ब्रिटनमधील ३८८ रुग्णांवरील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत तेथील नेहमीच्या वाचोपचारापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. घरचा सराव मात्र चुकवून चालत नाही.

जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर तेही वाचोपचारतज्ज्ञांना अवश्य सांगावे, कारण बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच आहेत.