प्लंबर लागणारच नाही म्हणे!

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात ग्रुपवरून आला. सोसायटीचा, शाळासोबत्यांचा, अगदी भजनी मंडळाचासुद्धा. मजकूर थोडक्यात असा: ‘प्लंबर दहा मिनिटांच्या कामाचे पाचशे रुपये उकळतात. हे पाच उपाय करा, आयुष्यात प्लंबर लागणार नाही. सिंक तुंबलं तर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओता, वरून उकळतं पाणी. नळ गळत असेल तर टेप गुंडाळा आणि घट्ट पिळा. गीझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर बूच मारा. प्रेशर कमी असेल तर लाइनला छोटी मोटर जोडा. फ्लशच्या टाकीत वीट ठेवा, पाणी वाचवा.’

नाशिकच्या सिडकोत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मी प्लंबर नाही. बिबकॉक म्हणजे भिंतीतले साधे नळ, एल्बो म्हणजे पाइपचे कोपरजोड, वायसर म्हणजे नळातल्या रबरी चकत्या, आणि टेप विकतो. खरं तर अशा मेसेजनं माझा गल्लाच वाढतो, कारण घरी प्रयोग करणारा माणूस एका कामासाठी तीनदा दुकानाची पायरी चढतो. तरी लिहितोय, कारण यातला एक उपाय जिवावर बेतणारा आहे. क्रम सोडून आधी तोच घेतो.

‘गीझरला बूच मारा.’ मागच्या थंडीत ओळखीचे एक गृहस्थ आले. “काका, अर्ध्या इंचाचा प्लग द्या, बूच मारायला.” कशाला म्हणून विचारलं तर हेच. गीझर लावला की खालच्या व्हॉल्व्हमधून टपटप सुरू, आणि बादली सरकवून सरकवून वहिनी वैतागल्या. मी प्लग दिला नाही, स्टूल दिलं. बसा म्हटलं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सव्वादोनशे मिलीच्या आसपास जास्त जागा मागतं. मागच्या मागे थंड लाइनमध्ये शिरावं तर तिथे एनआरव्ही बसवलेला असतो, तो पाणी उलटं जाऊ देत नाही. मग ते जादाचं पाणी त्या छोट्या तोंडातून टपकतं. ही गळती नव्हे, व्हॉल्व्हची नोकरी आहे ती. तिथे बूच मारलंत आणि एखाद्या दिवशी पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला, तर पाणी शंभर अंशांच्या वर तापत राहू शकतं. दाबामुळे उकळत मात्र नाही. टाकी फाटली की क्षणात त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. आपली न्हाणीघरं ती केवढी!

गीझर बंद असतानाही रात्रभर गळत असेल, तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, व्हॉल्व्ह खराब झालाय, नाहीतर इमारतीच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. तिथे माणूस बोलवा. नुसती टपटप असेल तर त्या तोंडाला नळी लावून ती मोरीत मोकळी सोडा, नळीचं टोक कधीही बंद करू नका. गृहस्थ दोन फूट नळी घेऊन गेले.

आता सोडा आणि व्हिनेगर. फेस येतो, फसफस होते, म्हणून वाटतं की आत काहीतरी घडतंय. घडतं ते एवढंच की दोघं एकमेकांना मारतात. उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम असिटेट नावाचं एक क्षार. यातलं काहीच तेल सोडवत नाही, आणि वायू सिंकच्या उघड्या तोंडातून वर निघून जातो. आपल्या नाशिकच्या घरात रविवारी मिसळ झाली की तर्री पाइपच्या आतल्या भिंतीला धरते, तिच्यावर शेव, भाताची शितं, चहापत्ती बसते. हा थर खरवडावा लागतो. वरून उकळतं पाणी तर मुळीच नको. सिंकखालचा पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. त्याच्या बराच वर गेलात की तो मऊ पडतो आणि जोड सरकतात.

गंमत म्हणजे हे काम खरंच घरी होतं, फक्त उपाय दुसरा. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे गाळ साठणारी बाटलीसारखी वाटी, हातानं फिरवून सुटतो. खाली बादली ठेवा, वाटी उघडा, गाळ काढा, रबरी रिंग जागच्या जागी बसवून पुन्हा आवळा. पाच मिनिटं. एवढंच सांभाळा की काढलेली वाटी त्याच सिंकमध्ये धुवायची नाही. मी एकदा धुतली होती. ते सगळं पायावर आलं. आणि एका ग्रुपवर कुणी शहाण्यानं ‘नाहीतर ॲसिड ओता’ अशी पुरवणी जोडली होती. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. बंद संडासात तो हुंगायला मिळावा असं शत्रूबद्दलही म्हणू नये.

नळाचं काय? टेप असते आट्यांसाठी. जोडातून पाणी येत असेल तर ती कामाची. नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर बाहेर कितीही गुंडाळा, फरक शून्य. फिरकीच्या जुन्या नळात वायसर झिजलेला असतो. घट्ट पिळल्यानं तो आणखी कापला जातो आणि मग खालची पितळेची बैठक खराब होते. पाव फेरीच्या नव्या नळात तर वायसरच नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. गोदेला पूर येऊन पाणी दुतोंड्या मारुतीला लागतं त्या दिवसांत नळाला येणारी बारीक रेती या चकत्यांवर ओरखडे काढते. तिथे ताकद लावून काय होणार? जास्तीची टेप गुंडाळून बिबकॉक रेटला की भिंतीतला सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) एल्बो तडकतो, आणि काही रुपयांच्या वायसरपायी टाइल फोडायची पाळी येते.

थेंबांचा हिशेब मी काउंटरवर करून दाखवतो: एक मिलीत साधारण वीस थेंब. सेकंदाला एक पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. मेन कॉक बंद करून वायसर बदलणं कुणालाही जमतं. बदला.

मोटर. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावायला मनाई आहे, आणि ती उगाच नाही. मोटर ओढते तेव्हा लाइनमधला दाब पडतो, आणि पाइपला कुठे भेग असली तर बाजूच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्याच पिण्याच्या टाकीत येतं, शेजाऱ्याच्याही. एकाच नळाची धार बारीक असेल तर त्याच्या तोंडाची जाळी उघडा. बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. सिंकसाठी आणलेली बाटली इथे कामाला येईल. सगळ्या घरातच धार बारीक असेल तर आधी गच्चीवरची टाकी किती उंच आहे ते बघा. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्याला तीनच मीटर मिळत असतील तर शॉवर रडणारच.

वीट झिजून फ्लशच्या टाकीत माती करते. पाण्यानं भरलेली बाटली ठेवा, संपलं.

राहिले पाचशे रुपये. आमच्या ओळखीच्या घरी छताला ओल आली होती. प्लंबर आला आणि त्यानं हातोडी काढलीच नाही. वरच्या घरातले सगळे नळ बंद करायला लावले, टाकीत पाण्याच्या रेषेवर खूण केली आणि चहा घेत अर्धा तास बसला. रेषा हलली नाही, म्हणजे पुरवठ्याची लाइन शाबूत. मग मोरीत रंगाचं पाणी ओतलं. काही वेळानं खालच्या छतावर रंग दिसला. दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याच्या, जोडात होता. (‘नहाणी’ हा शब्द आपला मराठी, बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच छापतात.) एक टाइल निघाली, जोड झाला. घरमालक म्हणाले, काम दहाच मिनिटांचं होतं की! दहाच मिनिटांचं झालं, कारण आधी अर्धा तास त्यानं काही फोडलं नाही. सातपूरच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड वर्षभर शिकवतात, तो काही टेप गुंडाळायला नाही.

प्लंबरांबद्दल माझ्याही तक्रारी आहेत. अकराला येतो म्हणतात आणि चारला फोन उचलतात, बिल मागितलं की चेहरा पाडतात, जुना सुटा भाग दाखवत नाहीत. त्यावर कुणी मेसेज लिहा, सातही ग्रुपवर मी स्वतः पाठवतो.