आजीच्या दाट वेणीचं खरं कारण

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तीन जणींनी टाकला. त्याचा सारांश असा: आपल्या आज्यांचे केस साठीतही दाट होते, कारण त्या रोज तेल चोपडून घट्ट वेणी घालायच्या. हल्लीच्या बायका शाम्पू लावतात, केस कापतात, म्हणून त्यांचे केस विरळ होतात. उपाय काय, तर तेल, घट्ट अंबाडा, कांद्याचा रस. डॉक्टरकडे जायची गरजच नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने हे सगळं दोन वर्षं मनापासून केलं आणि तिचा भांग रुंदावतच गेला. म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

आधी आजीचं. मी माझ्या आजीला रोज विंचरताना पाहिलंय. फणीत आलेले केस ती बोटाभोवती गुंडाळायची आणि ते गुंतवळ कोनाड्यात खोचून ठेवायची. बरंच साठलं की दारावर एक बाई यायची, ती ते घेऊन बदल्यात एखादी वाटी किंवा पळी द्यायची. लग्नकार्याला निघताना आजी ट्रंकेतून गंगावन, म्हणजे वरून जोडायचे केस, काढून वेणीत गुंफायची. फोटोत दिसते ती जाडजूड वेणी त्या गंगावनासकट आहे. केस तिचेही गळत होते. ते झाकायची सोय तिच्याकडे होती, आणि त्यात तिला काही लाजिरवाणं वाटत नव्हतं.

केस गळण्याचा क्रम शरीरातच ठरलेला असतो. डोक्यावरचा एकेक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळून जातो. रोज 50 ते 100 केस जाणं नेहमीचं आहे. वय वाढतं तसा वाढीचा काळ आखूड होतो आणि त्याच मुळातून येणारा नवा केस आधीपेक्षा बारीक येतो. पाळी जायच्या सुमारास हे अनेकींच्या लक्षात येतं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. बायकांमध्ये कपाळावरची केसांची रेघ बहुधा तशीच राहते, विरळपणा टाळूवर येतो. आरशासमोर आणखी एक छोटा आरसा घेऊन मधला भांग पाडून बघा. पुढचा भांग डोक्याच्या मागच्या भागातल्या भांगापेक्षा रुंद दिसत असेल, तर बहुतेक हाच प्रकार आहे. बहिणीच्या टाळूवर भांगाची रेघ जवळजवळ बोटभर रुंद झाली होती, आणि ती रोज त्यावर तेल जिरवत होती.

घट्ट वेणीचा सल्ला तर उलट अपाय करणारा आहे. केस सतत ओढले गेले की मुळं दुखावतात. ग्रीनलंडमधल्या बायका केस डोक्यावर घट्ट बांधायच्या, त्यांच्यात हा प्रकार 1907 सालीच नोंदवला गेला होता. कानशिलापाशी केस तुटून बारीक लव उरते, कधी मुळांशी पुटकुळ्या येतात. वेळेत सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर ती जागा कायमची जाते. अंबाडा घालायचाच तर मानेवर, सैल, कापडी रबराने बांधा. भांगाची जागाही अधूनमधून बदला. तिरपा भांग पाडला की टाळू कमी दिसते, आणि गजऱ्याची पिन रोज एकाच जागी टोचत नाही.

तेलाचं श्रेय मात्र नाकारायचं नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी झिजतात, हे मुंबईत झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे केस तुटणं कमी होतं. मुळातून नवा केस उगवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तेलाने ते होत नाही.

कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळे सांगतात, तो बगदादमध्ये 38 जणांवर झाला होता, आणि तोही चाईवर. चाई म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाणं. वयाने येणाऱ्या विरळपणाशी त्याचा संबंध नाही.

शाम्पूबद्दल एवढंच: न्हाताना हातात येतात ते केस आधीच सुटलेले असतात. भीतीने धुणं टाळलं तर कोंडा वाढतो.

आता केस कापण्याबद्दल. मेसेजमध्ये ‘आपल्यात बायका केस कापत नाहीत’ असं ठसक्यात लिहिलंय. मला या वाक्याचा राग येतो. आपल्याच समाजात विधवांचे केस त्यांना न विचारता भादरले जात होते. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी ते काम करायला नकार दिला. बाईचे केस ठेवायचे की काढायचे हे दुसऱ्यांनी ठरवायची सवय तेव्हाची आहे. पातळ केस लांब ठेवले की ओघळून टाळूला चिकटतात, खांद्यापर्यंत कापले की भरलेले दिसतात. माझ्या 78 वर्षांच्या आईने मागच्या दिवाळीआधी केस मानेपर्यंत कापून घेतले. खुर्चीतून उठली, मान दोन्हीकडे फिरवून बघितली आणि म्हणाली, “डोकं किती हलकं झालं गं.”

‘डॉक्टरकडे जायची गरज नाही’ हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. डेंगी, टायफॉईड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात आणि बहुधा आपोआप परत येतात. थायरॉईड बिघडलं किंवा लोह कमी पडलं तरी केस गळतात, आणि 2019-21 च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता. बहिणीच्या रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खूपच कमी निघालं. दोन वर्षं ती आपल्या तेलालाच दोष देत होती.

टाळूवरच्या विरळपणासाठी मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे. ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच सुरू करा. पहिले काही आठवडे गळणं वाढतं आणि अनेक जणी घाबरून तेव्हाच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की फायदाही हळूहळू जातो. भांगाचा एक फोटो आज काढून ठेवा, पुढचा तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला काढा. डॉक्टरांना दोन्ही दाखवा.