तळवा टेकला होता का?

बालपोषणावरचा अहवाल आला की पहिल्या पानावरचा टक्का उचलायचा आणि त्यावर भांडायचं, अशी रीत पडली आहे. खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) इतके टक्के, रक्तक्षय तितके टक्के. हा टक्का ज्या मापांतून निघतो, ती कोणी घेतली, कशाने घेतली, मुलाचं वय कुठून लिहिलं, हे सगळं शेवटच्या परिशिष्टात असतं आणि तिथवर फारसं कोणी पोचत नाही. माझं म्हणणं एवढंच: परिशिष्ट आधी वाचा. ते जोडलेलंच नसेल तर त्या टक्क्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

कारण इथला सगळा मामला मिलिमीटरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांनुसार एक वर्षाच्या मुलग्याची मध्यक लांबी ७५.७ सेंमी आणि प्रमाण विचलन (मुलांची मापं किती पसरलेली असतात ते) साधारण २.४ सेंमी. म्हणजे मोजताना एक सेंटिमीटर चुकलं की झेड स्कोअर, म्हणजे मूल मध्यकापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा, जवळपास ०.४ ने सरकतो. आता पोषण आणि स्वच्छतेने मुलांची वाढ सुधारते का हे पाहणारी झिम्बाब्वेतली शाइन चाचणी घ्या. एचआयव्ही नसलेल्या मातांच्या मुलांना पूरक आहाराचं मार्गदर्शन आणि रोजचं लिपिडयुक्त पोषणपूरक मिळालं, आणि १८ महिन्यांच्या वयात लांबीत पडलेला फरक होता ०.१६ झेड. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर अर्ध्याहूनही कमी. बांगलादेशातल्या तशाच वॉश बेनिफिट्स चाचणीत पोषणाच्या गटात हा फरक ०.२५ होता. जो परिणाम आपण शोधतोय, तो एका मापातल्या सहज होणाऱ्या चुकीपेक्षा लहान आहे. हे डोक्यात बसलं की मोजण्याकडे बघायची नजर बदलते.

म्हणून आधी मोजण्याबद्दल, जरा सविस्तर. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकट्याने मोजलेली लांबी मी तरी धरत नाही. फळी सपाट, घट्ट जागेवर. बूट, मोजे, केसांतल्या क्लिपा काढायच्या, बुचडा सोडायचा. मदतनीस डोक्याच्या बाजूला गुडघे टेकून बसतो, दोन्ही तळहातांनी कानांजवळ डोकं धरतो आणि टाळू स्थिर फळीला टेकवतो. मुलाची नजर सरळ वर हवी, म्हणजे कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी रेषा फळीला काटकोनात आली पाहिजे. मोजणारा बाजूला असतो. तो एका हाताने गुडघे हलके दाबून पाय सरळ करतो आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांपर्यंत आणतो. पूर्ण तळवा टेकायला हवा, टाच धरून. मग ०.१ सेंमीपर्यंत वाचायचं आणि मोठ्याने उच्चारायचं. नवजात बाळाचे पाय पूर्ण सरळ होत नाहीत, तिथे जोर लावायचा नाही.

चुका ठरलेल्या असतात. डोकं आणि फळी यांत फट राहिली की लांबी वाढते. बाळाने पाऊल ताणलं आणि फळी टाचेऐवजी बोटांना लागली, तरी वाढते. गुडघा वाकला की घटते. रडणारं बाळ हे तिन्ही प्रकार एकाच मिनिटात करून दाखवतं. म्हणून दोन मापं घ्यायची, आणि दोन्ही वेळा मूल फळीवरून उचलून पुन्हा ठेवायचं. ज्या अभ्यासातून ही मानकं आली, त्यात दोन मोजणाऱ्यांनी स्वतंत्रपणे माप घ्यायचं आणि लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर पुन्हा मोजायचं, असा नियम होता. वजनासाठी ही मर्यादा १०० ग्रॅम होती.

कामाला लागण्याआधी मोजणाऱ्यांची परीक्षा घेता येते. दहा मुलं, प्रत्येकाने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं. प्रत्येक मुलाच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग करायचा, बेरीज करायची, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ही तांत्रिक मापनत्रुटी. वर्गांची बेरीज ५ आली तर ५ भागिले २०, म्हणजे ०.२५, आणि त्याचं वर्गमूळ ०.५ सेंमी. शाइनमध्ये सापडलेला अख्खा फरक साधारण एवढ्यात मावतो! आणि कोणाची त्रुटी शून्य आली तर खूश होऊ नका. त्याने बहुधा दुसरं माप घेतलेलंच नसतं, पहिलंच उतरवलेलं असतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: चुका दोन्ही बाजूंनी होतात, हजार मुलांत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. सरासरीपुरतं हे खरं आहे. टक्क्यापुरतं अजिबात नाही, आणि लोक भांडतात ते टक्क्यावर. समजा झेड स्कोअरची सरासरी उणे १ आणि प्रमाण विचलन १ आहे. मग उणे २ च्या खाली, म्हणजे खुजेपणाच्या रेषेखाली, सुमारे १६ टक्के मुलं येतात. सरासरी तीच राहिली, पण गलथान मोजणीने आणि चुकीच्या वयांनी विचलन १.३ वर गेलं, तर तीच मुलं २२ टक्के खुजी ठरतात. एकही मूल बुटकं न होता सहा टक्के वाढ. म्हणून टक्क्याशेजारी झेड स्कोअरचं प्रमाण विचलन छापलेलं नसेल तर मला तो अहवाल अर्धाच वाटतो.

शेवटचा अंकही बघावा. दशांश चिन्हानंतरचे दहाही अंक साधारण सारख्या वेळा यायला हवेत. हजार मुलांत ० आणि ५ मिळून २०० च्या आसपास अपेक्षित, ४०० निघाले तर माणसं अंदाजाने लिहीत होती. अर्ध्या सेंटिमीटरला गोल केल्याने होणारी चूक जास्तीत जास्त पाव सेंटिमीटर, म्हणजे ती एकटी फार बिघडवत नाही. पण ज्याने शेवटचा अंक नीट वाचला नाही, त्याने टाच बघितली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

वयाची चूक लांबीच्या चुकीइतकीच महाग पडते. दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला सरासरी एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे वय महिनाभर चुकलं की झेड ०.४ च्या आसपास हलतो. पहिल्या महिन्यात तर वाढ साडेचार सेंटिमीटरहून जास्त असते. जन्मतारीख कागदावरून घेतली की आईच्या आठवणीवरून, हे लिहिलेलं असावं. १२, २४, ३६ महिन्यांवर मुलांची गर्दी दिसली की ओळखावं, वय विचारून गोल केलंय. त्यातही २४ महिन्यांवर आणखी एक खड्डा आहे. तिथून पुढे मूल उभं करून मोजायचं, आणि उभ्याची उंची झोपलेल्या लांबीपेक्षा ०.७ सेंमी कमी धरतात. दीड वर्षाचं मूल उभं मोजलं आणि ते ०.७ मिळवायचं राहिलं, तर ते उगाच खुजेपणाकडे ढकललं जातं.

जन्मवजनाचं दुखणं वेगळं. २५०० ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी वजन. नेमकं २५०० असेल तर नाही. काटा २४६० दाखवत असताना वहीत गोल करून २५०० लिहिलं की ते बाळ यादीतून नाहीसं होतं. वजनांचा आलेख काढला की २५०० वर सुळका दिसतोच. शिवाय बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत उतरतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी घेतलेल्या आकड्याला जन्मवजन म्हणू नये.

आईचं दूध किती जातं हा प्रश्न मला या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण उत्तर डोळ्यांना दिसत नाही. पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता बाळाचं वजन करता येतं. पण काटा एकदोन ग्रॅम दाखवणारा हवा, आणि रात्रीचं एक पाजणं निसटलं की दिवसाचा हिशोब गेला. दुसरी पद्धत ड्युटेरियमची, म्हणजे हायड्रोजनच्या जड रूपाची. आईला साधारण ३० ग्रॅम जड पाणी पाजतात आणि १४ दिवसांत आई व बाळ दोघांच्या लाळेचे नमुने ठरावीक दिवशी घेतात. आईच्या शरीरातलं ड्युटेरियम उतरत जातं. बाळाच्या शरीरात ते दुधावाटेच येतं, म्हणून तिथे आधी चढतं आणि मग उतरतं. दोन्ही वक्ररेषांवरून दुधाचं प्रमाण निघतं. बाळाने दुसरीकडून किती पाणी घेतलं, तेही कळतं. ‘फक्त स्तनपान’ असं तोंडी सांगितलेलं उत्तर इथे तपासलं जातं. काल दिवसभरात काय पाजलं एवढंच विचारणारी प्रश्नावली हे प्रमाण फुगवते, कारण परवा दिलेलं पाणी तिच्या जाळ्यात येत नाही. यात आईला खोटं ठरवायचं कारण नाही, प्रश्नच तेवढा होता.

रक्ताबद्दल थोडक्यात. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतीतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा बिघडतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, जंतुसंसर्गात चढतं, म्हणून लोहाची कमतरता असलेलं मूल ठीक दिसतं. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांखालच्या निरोगी मुलांसाठी लिटरला १२ मायक्रोग्रॅमची रेषा धरते आणि संसर्ग किंवा दाह असेल तर ३० ची. सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) न मोजता फेरिटिन छापणाऱ्या अभ्यासाने नेमकी कोणती रेषा वापरली, हे विचारावं. आणि २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी रक्तक्षयाची हिमोग्लोबिनची रेषा लिटरला ११० वरून १०५ ग्रॅमवर आली. यापुढे जुना अहवाल आणि नवा अहवाल शेजारी ठेवून कोणी ‘रक्तक्षय घटला’ असं लिहिलं, तर आधी दोन्हींतली रेषा बघा. १०७ असलेलं बाळ कालपर्यंत आजारी होतं, आज नाही, आणि त्याच्या रक्तात काहीच बदललेलं नाही.