नाते : पती, भेटीची जागा : लॉबी

लग्नाच्या रौप्यमहोत्सवाच्या रात्री माझी बायको वर्धा रोडवरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात झोपली आणि मी त्रिमूर्तीनगरात, घरी. भांडण झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण तेव्हापासून जो भेटतो तो आवाज खाली आणून हेच विचारतो.

खरं तर मुंबईला जायचं होतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून समुद्र बघायचा, एवढीच तिची मागणी होती. पण दुरांतोचं वेटिंग हलेना आणि विमानाचं भाडं बघून समुद्राची ओढ कमी झाली. मग पुण्यातल्या आमच्या चिरंजीवांनी ‘स्टेकेशन’ सुचवलं. म्हणजे आपल्याच गावात भाडं भरून झोपायचं. त्यानंच ॲपवरून खोली घेतली, थोडी स्वस्त पडते म्हणून ‘नॉन-रिफंडेबल’ घेतली, आणि वर ‘रोमँटिक डेकोरेशन’चे पैसे वेगळे भरले. डिसेंबरात नागपुरात खोली मिळणंच मुळात नवल. 1953च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथं घ्यायचं ठरलं. 1956 साली राजधानीपण गेलं त्याची ही भरपाई. महाराष्ट्र झाल्यापासून थंडी पडली की मुंबई इथं राहायला येते, आणि हॉटेलांचे दर आम्हाला ऐकवतात तेसुद्धा मुंबईचेच.

काउंटरवर कोट घातलेला एक पोरगा होता. त्यानं आमची आधार कार्डं घेतली, उलटीसुलटी केली, आणि चेहरा पाडला.

“सर, लोकल आयडी नाही चालत.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“तुमचा ॲड्रेस नागपूरचा आहे.”

“मी नागपूरचाच आहे.”

“हां, तेच तर सर.”

हा गुन्हा मला आजवर कोणी असा तोंडावर सांगितला नव्हता. मग त्यानं बायकोचं कार्ड उचललं आणि त्याचा चेहरा उजळला. तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव आणि अमरावतीचा, राजापेठचा पत्ता आहे. “बदलून घे, बदलून घे” म्हणून मी कितीदा मागे लागलो असेन, पण केंद्रावरच्या रांगेला ती कंटाळते. “मॅडमचं चालेल,” तो म्हणाला. “मॅडम अमरावतीच्या आहेत. मॅडमना रूम देता येईल. तुम्हाला नाही.”

आणि खालच्या आवाजात, समजूतदारपणे : “दोघांची आडनावं पण वेगळी आहेत ना सर.”

माझं वय पन्नाशीपार. डोक्यावर जे आहे ते मोजता येईल इतकं. गुडघ्याला पट्टा. सोबत बीपीच्या गोळ्यांचा डबा आणि बायकोची शाल. एवढ्या सामानानिशी मी कुणाला तरी पळवून आणलंय, असा संशय मला क्षणभर सुखावून गेला, नाही म्हणत नाही. पण क्षणभरच. नवरा-बायकोनं आपल्या गावातल्या हॉटेलात राहू नये, असा कायदा या देशात नाही. नवरा-बायको नसलेल्या दोन सज्ञान माणसांनी राहू नये असाही नाही. मी हे त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं : प्रवेशाचा हक्क राखीव.

“तू कुठला रे?” मी विचारलं.

“मानेवाडा, सर. मला पण नाही मिळत इथे रूम.”

इथं काका आले. लॉबीत एक वऱ्हाड उतरलं होतं, वणीकडचं. त्यातले एक गृहस्थ, धोतर, वर स्वेटर, कानाला मफलर, हातात चहाचा कागदी कप, बराच वेळ आमच्या बाजूला उभे राहून ऐकत होते. ऐकता ऐकता ते काउंटरला टेकले, म्हणजे आता ते या प्रकरणात पक्षकार झाले.

“तुमी नागपूरचेच ना जी?”

“हो.”

“घर हाये?”

“आहे.”

“सोताचं?”

“हो हो, स्वतःचं.”

“मंग हाटेलात काउन राहून राहिले?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मी म्हटलं, लग्नाचा वाढदिवस आहे. काकांनी चहाचा घोट घेतला, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोराला म्हणाले, “हे नवरा-बायकोच हायेत बावा. मी सांगतो. ह्या बाई मगापासून एक शब्द बोलल्या नाही, अन् हे एकटेच ओरडून राहिले. बाकीचे जोडपे कुठं असे असतेत?”

पोरगा म्हणाला, “काका, प्रूफ लागते.”

लग्नाचं सर्टिफिकेट आहे. लॅमिनेट केलेलं, बँकेच्या लॉकरमध्ये, आणि बँक पाचला बंद होते. मी फोनमध्ये लग्नाचा फोटो शोधून काढला. अल्बमवरून काढलेला, त्यात ट्यूबलाइटचा उजेड पडलेला. काकांनी तो हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला, माझ्या तोंडाजवळ धरून ताडून पाहिला. “हे तुमी हाय का जी? केस होते तुमाले!” मग त्यांनी फोन वऱ्हाडात फिरवला. एका आजीबाईंनी बायकोला ओळखलं, मला नाही. एका पोरीनं विचारलं, हे वडील आहेत का यांचे. फोन परत आला तेव्हा काचेवर हळद होती.

“साक्षीदार म्हनून मी सही करतो,” काका म्हणाले. पोरानं नको म्हटलं. “मंग नाव घ्यायला लावा! वैनी, नाव घ्या! ज्याचं लगन झालं नाही त्याले नाव घेता येते का?”

हा पुरावा वऱ्हाडाला एकदम पटला. बाया गोळा झाल्या. मी बायकोकडे ‘नको’ अशा अर्थानं पाहिलं. पण ती मगापासून गप्प होती ती रागानं नव्हे, जुळवाजुळव चालली होती, हे मला तेव्हा कळलं. पदर नसलेल्या ड्रेसचा पदर सावरून ती म्हणाली :

फुटाळ्याच्या पाण्यावर मावळतीचं ऊन,
…रावांना रूम मिळेना नागपूरचे म्हणून.

(नाव गाळलंय. काउंटरवर एकदा मोठ्यानं वाचून झालं तेवढं पुरे.) टाळ्या पडल्या. काकांनी “घ्या!” म्हणून काउंटरवर थाप मारली. पोरगाही हसला, आतून मॅनेजरला बोलावून आणलं, मॅनेजरनं उखाणा पुन्हा म्हणायला लावला, मोबाइलवर रेकॉर्ड केला, फार सुंदर म्हणाला. आणि म्हणाला, “पण सर, सिस्टिममध्ये लोकल ॲड्रेस टाकताच येत नाही.”

आम्ही नागपूरकर पाहुण्यांना हौसेनं झिरो माइल दाखवायला नेतो. तो खांब, ते चार घोडे. देशाचा मध्य इथं, असं छातीठोक सांगतो. आता जिथून सगळा देश सारखाच लांब, तिथल्या माणसानं लांबून आल्याचा पुरावा द्यायचा तरी कुठून? कॉलेजात असताना फुटाळ्यावर बसलं की शिट्टी वाजायची, अंबाझरीच्या बागेत माळी पाण्याचा पाइप घेऊन नेमका आपल्याच झुडपापाशी यायचा. तेव्हा वाटायचं, लग्न झालं की सुटलो. लग्न झालं, मूल झालं, ते मूल शिकून पुण्याला गेलं, आणि तरी या शहरात दोन माणसांना दार लावून बसायला जागा कोणी द्यायला तयार नाही. सामान घेऊन बाहेरून या, मग या, साहेब. इथं जन्मलात? मग काहीतरी भानगड आहे.

पैसे परत मिळत नाहीत, मिळणारही नव्हते. पाच मिनिटं आमची कुजबुज झाली. मला वाटलं ती म्हणेल, चला घरी. ती म्हणाली, “पैसे वाया कशाला घालवायचे? मी राहते.”

ती वर गेली. माझ्यापुढे व्हिजिटरचं रजिस्टर सरकवलं गेलं. नाव. वेळ. कोणाला भेटायचे. नाते. मी ‘पती’ लिहिलं. पोरगा हळूच म्हणाला, “व्हिजिटर नऊपर्यंत सर, फक्त लॉबीत.”

तेवढ्यात वरून व्हिडिओ कॉल आला. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं बदाम, त्यावर टॉवेलचे दोन हंस, माना जुळलेल्या. “किती गोड आहेत बघा ना!” ती म्हणाली. मी बघितले. माझ्या खांद्यावरून काकांनीही बघितले. “टावेल हाये का थे?” त्यांनी विचारलं. “मंग आंग कायनं पुसता?”

केक तिनं खाली आणायला लावला. वऱ्हाडानं तो मनापासून खाल्ला. माझं नाव असलेला तुकडा काकांच्या वाट्याला गेला. जेवण तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघांनी घेतलं, कारण तिथं कोणीही येऊन पैसे देऊ शकतो. मेणबत्ती होती. ‘सावजी मटण’ नावाचा पदार्थ होता, तो खाऊन नाकाला पाणी आलं नाही, म्हणजे तो काय असेल ते नागपूरकरांना सांगायला नको. बिल मी फोनवरून भरलं. तिथं लोकल चालतं.

नऊला पोरानं घड्याळाकडे पाहिलं. लिफ्टपाशी बायकोनं मला हात केला. काका म्हणाले, “सकाळी या जी, मी हायेच.”

सकाळी गेलो. नाश्ता दोघांचा धरलेला होता, पण ‘इन-हाउस गेस्ट’ असला तर. मी बाहेरच्या ठेल्यावर तर्रीपोहे खाल्ले, दोनदा तर्री घेतली, रागानं. बाराला ती खाली आली, चेहरा असा टवटवीत की मी ओळखलं नसतं. म्हणाली, किती वर्षांनी सलग झोप लागली. घोरणं नाही, रात्री उठून दिवा लावणं नाही. पुढच्या वर्षीही इथंच बघू या का, असंही म्हणाली, आणि यात मी कुठं बसतो याचा खुलासा केला नाही.

घरी पोचायच्या आत तिच्या फोनवर अभिप्रायाची लिंक आली. तिनं पाच तारे दिले आणि हंसांचा फोटो जोडला. मला एकच तारा द्यायचा होता, आणि बरंच काही लिहायचं होतं. मी माझ्या फोनवरून ॲप उघडलं, रात्रभर मनात घोळवलेलं सगळं टाइप केलं, बटण दाबलं. ॲपनं कळवलं की या हॉटेलबद्दल फक्त तिथं राहून गेलेल्या पाहुण्यांनाच लिहिता येतं.