बारा गावचं पाणी आणि एक पानी बायोडेटा

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही दोन हंगाम पावत्या फाडल्या. मग मामाची मेस सांभाळली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं एमपीएससीची खुर्ची तापवली, मग कॉल सेंटर, मग क्लासमध्ये गणित, आणि सध्या एका गोदामाचा हिशेब बघताय. अभिनंदन. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस अशी गावात तुमची ख्याती असेल. रिक्रूटरला मात्र बारा गावचं पाणी म्हटलं की आधी जुलाबाची शंका येते.

त्याचा फोन हमखास तोंडात घास असताना येतो. "सर, टोटल एक्स्पीरियन्स?" नऊ वर्षं. "त्यातला रिलेव्हंट?" दोन. म्हणजे उरलेली सात वर्षं तुम्ही जगलात खरे, पण विनाकारण. इथे वाद घालू नका. रात्री दोन वाजता उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांशी काट्यावरून हुज्जत घालता घालताच आज ट्रकवाल्याला गप्प करायची कला अंगी आली, असं सांगाल तर पलीकडे फक्त कीबोर्डची टकटक ऐकू येईल. त्याच्या एक्सेल शीटमध्ये ऊस नावाचा रकाना नाही.

तेव्हा बायोडेटावर कात्री चालवा. जाहिरातीत 'मल्टिटास्किंग येणारा, कोणत्याही परिस्थितीत जुळवून घेणारा उमेदवार' हवा असं लिहिलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नका. लग्नाच्या जाहिरातीतल्या 'अपेक्षा नाहीत' इतकाच त्याचा अर्थ.

एमपीएससीच्या तीन वर्षांना 'गॅप' म्हणतात. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला अडकलात, राज्यघटना तोंडपाठ झाली, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. खरं सांगितलंत तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग परत जाहिरात निघाली की सोडून जाणार का?" म्हणून रूढ मार्ग धरा आणि आईला आजारी पाडा. महाराष्ट्रातल्या कितीतरी धडधाकट माउल्या मुलांच्या बायोडेटात तीन-तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. (आईला आधी कल्पना द्या. नाहीतर ती फोन उचलते आणि आपण उरुसाला आल्याचं सांगते.)

मात्र थापा जपून. 2014पासून पीएफचा बारा आकडी यूएएन आला, आणि नोकऱ्या कितीही बदला, नंबर तोच राहतो. पडताळणीवाले तिथली सर्व्हिस हिस्टरी मागतात. एखादी नोकरी तीन महिन्यांत सोडून विसरलात, तरी तो नंबर विसरत नाही. मामाने मात्र कसला पीएफ भरायचा? त्यामुळे जिथे पहाटे चारला उठून तुम्ही सर्वांत जास्त राबलात, ती दोन वर्षं सरकारदरबारी घडलेलीच नाहीत. ती खुशाल गाळा.

नोकरीच्या पोर्टलवर रोज सकाळी प्रोफाइलमधला एक पूर्णविराम काढा, दुसऱ्या दिवशी परत टाका. प्रोफाइल 'ताजं' दिसतं आणि यादीत वर येतं म्हणतात. नऊ वर्षांच्या अनुभवाने झालं नाही ते टिंबाने झालं तर वाईट काय?

लाज वाटत असेल तर थोरामोठ्यांकडे बघा. लिओनार्दो द विंचीने 1480च्या दशकात मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेल्या अर्जाचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात आधी पूल, तोफा, वेढा घालायच्या युक्त्या यांची भलीमोठी जंत्री, आणि अगदी शेवटी, जाता जाता, आपल्याला चित्रही काढता येतं एवढाच उल्लेख. मिलानला तेव्हा तोफा रिलेव्हंट होत्या.

तर एवढी काटछाट करून नोकरी लागेल. मग एखाद्या दुपारी कँटीनवाला न सांगता गायब होईल, वरून पाहुणे आलेले असतील, आणि साहेब केबिनबाहेर येऊन विचारतील, "दीडशे माणसांच्या जेवणाचं कुणाला काही जमतं का?" मामाची मेस जिभेच्या टोकावर येईल. मीठ किती, तांदूळ किती, गॅस किती वेळ पुरेल, सगळं डोळ्यांपुढे नाचेल. हात खाली ठेवा. शेजारच्या टेबलावरचा, दहाच्या दहा वर्षं रिलेव्हंट असलेला गृहस्थ मोबाइलवर पिझ्झाचे दर बघत असेल. त्याला चष्मा शोधून द्या.