महार मशीनगन पलटणीबद्दलचा तो मेसेज खोटा आहे

परवा संध्याकाळी भाचा नहराच्या पाळीवर धावायला गेला नाही. पोट्टा भरतीची तयारी करतो, पावसातही कधी चुकवत नाही. विचारलं तर मोबाइलच पुढे केला. "मामा, हे खरं हाय का? मंग मी काहून धावू?"

मेसेज असा: महार रेजिमेंट स्वातंत्र्यानंतर सवलत म्हणून काढली, महायुद्धात तिने एक गोळी झाडली नाही, मशीनगनवाले मागे सुरक्षित बसायचे आणि आजवर एकालाही मोठं शौर्यपदक मिळालेलं नाही. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक शिक्षक आहेत. म्हणून लिहायला बसलो.

सवलतीचं आधी उरकतो. पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्या काळात डॉ. आंबेडकर संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते आणि महारांची पलटण व्हावी म्हणून झटत होते. दुसरी पलटण १९४२ मध्ये इथे आपल्या कामठीत उभी झाली. १९४६ च्या ऑक्टोबरात सगळी रेजिमेंट मशीनगनची झाली आणि तिचं केंद्रही कामठीतच आलं, पुढे ते सागरला गेलं. तेव्हा स्वातंत्र्याला दहा महिने बाकी होते. आणि त्याच्याही आधी, १९१७ साली, १११वी महार पलटण होती. ती इंग्रजांनी १९२१ मध्ये मोडली.

दुसऱ्या महायुद्धात या पलटणींच्या वाट्याला मोठ्या लढाया फारशा आल्या नाहीत, हे मान्य करावं लागतं. दोन पलटणी वायव्य सरहद्दीवर होत्या. पण दुसरी पलटण ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती आणि तिथे तिने रक्त सांडलं. कमी लढाया मिळणं वेगळं, गोळीच न झाडणं वेगळं.

मला खरा संताप आला तो 'मागे सुरक्षित बसायचे' या वाक्याचा. आमच्या गल्लीत एक आजोबा होते, निवृत्त मशीनगनर. त्यांची गन व्हिकर्स. नुसती गन पंधरा किलोच्या आसपास, तिची तिवई वीस किलोच्या वर, शिवाय गोळ्यांच्या पेट्या आणि पाणी. हो, पाणी! नळीभोवतीच्या टाकीत चारेक लिटर पाणी लागतं. सलग मारा केला की काही मिनिटांत ते उकळतं. वाफ रबरी नळीतून डब्यात उतरवायची, नाही तर पांढरा लोट दिसतो आणि शत्रूला ठिकाण कळतं. गोळ्यांचा पट्टा कापडी, अडीचशे गोळ्यांचा. तो तिरका गेला की गोळी अडकते. हे सांगताना आजोबा गोधडीची कड दोन्ही हातांनी सरळ धरून सरकवून दाखवत. हात थरथरायचे, कड मात्र सरळच जायची.

शत्रूला सगळ्यात आधी बंद पाडायची असते ती हीच गन. आणि पायदळाला माघार घ्यावी लागली तर त्यांना निघता यावं म्हणून मारा करत मागे थांबायचं तेही हिनेच. ही कसली सुरक्षित जागा?

शिवाय मशीनगनची पलटण सहसा एकत्र लढत नसे. तिच्या तुकड्या वाटून दुसऱ्या पलटणींना जोडल्या जात. इरजिकीत आपली बैलजोडी दुसऱ्याच्या वावरात राबते, पीक मात्र त्याच्या सातबाऱ्यावर चढतं. तसंच हे. लढाईच्या वर्णनात पायदळाच्या पलटणीचं नाव येतं आणि तिच्या बाजूला गन धरून बसलेले महार जवान राहून जातात. या मेसेजचा सगळा डोलारा त्या राहून गेलेल्या नावांवर उभा आहे.

एक नाव मात्र राहिलं नाही. २४ डिसेंबर १९४७ ला जम्मूतल्या नौशेराजवळच्या झांगरवर मोठा हल्ला झाला आणि ठाणं हातचं गेलं. १८ मार्च १९४८ ला ते आपण परत घेतलं. झांगरच्या लढाईसाठी महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळालं. युद्धातल्या शौर्याचं हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं पदक. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. परमवीर चक्रही आहे: महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, श्रीलंका, २५ नोव्हेंबर १९८७, मरणोत्तर.

ते पान मी भाच्याला उघडून दिलं. त्याने दोनदा वाचलं, मग नकाशावर झांगर शोधत बसला. मेसेज पाठवणाऱ्या तिघांनाही तेच पान पाठवलं. दोघांनी आपला मेसेज काढला. गुरुजींच्या उत्तराची वाट पाहतो आहे.