कात, सुरमई आणि बागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग रास्त आहे. भाजलेल्या डुकराच्या पिल्लाबरोबर लाल वाईन सुचवणारा माझा लेख वाचून तुम्ही लिस्बनहून पोर्तुगालच्या बायरादा भागातल्या ‘बागा’ नावाच्या द्राक्षाच्या लाल वाईनच्या दोन बाटल्या आणल्यात, पहिली तळलेल्या सुरमईबरोबर उघडलीत आणि ती ‘कात चघळल्यासारखी’ लागली. वर तुमचं म्हणणं असं, की बायरादातल्या मेआल्यादा गावात भाजलेल्या डुकराच्या पिल्लाबरोबर लोक फसफसणारी वाईन पितात, मग लाल वाईनची जोडी मी कुठून काढली?

आधी चूक कबूल करतो. मेआल्यादाच्या खाणावळींत लैतांवबरोबर, म्हणजे या भाजलेल्या पिल्लाबरोबर, टेबलावर सर्रास येते ती फसफसणारी एश्पुमांतच. बायरादात ती 1890 पासून बनते. मी तिला एका ओळीत उरकलं, ते चुकलंच. पण लाल बागाची जोडी मनाने रचलेली नाही. तिथे तीही पितात, आणि बागाची लाल एश्पुमांतही मिळते.

आता कात. तुमची उपमा मला इतकी पटली की मूळ लेखात घालायचा मोह होतोय. बागाचा दाणा लहान, साल जाड, पिकायला उशीर, आणि शेजारी अटलांटिक, म्हणजे सुगीच्या तोंडावर पाऊस. जुन्या पद्धतीत घड देठासकट आंबवत. देठांमुळे तुरटपणा आणखी वाढे; आंबटपणा तर बागाचा मुळातच चढा. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि जीभ कोरडी पडते. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. त्याला धरायला दुसरं काही दिलं, चरबी आणि मांस, की तो जिभेला सोडतो. लैतांव कसं असतं पाहा: पिल्लाच्या पोटात मीठ, मिरी, लसूण आणि डुकराची चरबी वाटून भरतात, लांब दांड्याला अडकवून लाकडाच्या भट्टीत फिरवत भाजतात. साल पापडासारखी फुटते आणि आत नुसता ओघळ. सोबत संत्र्याच्या चकत्या. तो तुपकट घास आणि वर बागाचा घोट, की तोंड पुन्हा रिकामं. (माझ्या शर्टाच्या बाहीवर अजून डाग आहे.)

सुरमईत काय झालं? 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की लाल वाईनमधलं लोह समुद्री खाण्याबरोबर तोंडात आलं की हिवस वास उठतो. लोह जास्त, तर वास जास्त. तुमच्या बाटलीत ते किती होतं, कोण जाणे. पण भरीला तिखटाचं आवरण होतं, आणि तिखटाला तुरटपणा व दारू दोन्ही आगीसारखे लागतात. बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेल्या कॉडबरोबर पोर्तुगीज लाल वाईन बिनधास्त घेतात, हे मीच लिहिलं होतं. पण कॉडच्या मांसात तेल फार कमी, आणि ताटात ऑलिव्ह तेल मात्र सढळ. सुरमईला ते लागू करायला नको होतं, आणि मी तशी ताकीदही दिली नाही.

विंदालूबरोबर चालेल का, हेही विचारलंत. नाव पोर्तुगीजच आहे, ‘विन्या द’आल्योश’, म्हणजे मांस मुरवायचं वाईन आणि लसणाचं मिश्रण. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं आणि लाल मिरची भरपूर आली. त्या ताटाला मी बागा देणार नाही, गार बिअर देईन.

दुसरी बाटली उघडायची घाई नको. बागाला दहा वर्षं थांबणं जमतं. धीर नसेल तर पोर्तुगालमधल्या कोईंब्रा शहराच्या आसपासची शांफाना करा: तिथे म्हातारी शेळी लाल वाईन, लसूण आणि तमालपत्रात काळ्या मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात. इथे जून, चरबीवालं मटण घ्या, मिरची जवळजवळ नको. अर्धी वाईन हंडीत, अर्धी पेल्यात, आणि उघडून दोन तास ठेवलेली. तत्पूर्वी लेबलावरचं साल तेवढं कळवा, मग सांगतो थांबायचं की नाही.